तिघांतला एक

आमच्या टीममधला शेवटचा जुना सहकारी शुक्रवारी नोकरी सोडून गेला. आठ वर्षांपूर्वी तिघांनी मिळून लिहायला घेतलेला कोड आता माझ्या एकट्याच्या गळ्यात. शनिवारी सकाळी चहा घेताना बोझार ट्रायो लावली आणि वाटलं, अरे, या पियानोवाल्याचं तरी वेगळं काय झालं होतं?

पियानोवाला म्हणजे मेनाहेम प्रेसलर. जन्म १९२३, जर्मनीतलं माग्डेबुर्ग. घर ज्यू, त्यामुळे १९३९ साली देश सोडावा लागला. व्हायोलिनवर डॅनियल गिले, तोस्कानिनीच्या एनबीसी ऑर्केस्ट्राचा कॉन्सर्टमास्टर. चेलोवर बर्नार्ड ग्रीनहाउस, पाब्लो कासाल्सचा शिष्य. तिघांत प्रेसलर सगळ्यात धाकटा. पहिला कार्यक्रम १३ जुलै १९५५ ला, अमेरिकेत टँगलवूडला.

१९६८ मध्ये गिले बाहेर पडला, इसिडोर कोहेन आला. १९८७ मध्ये ग्रीनहाउसही थांबला. शेवटपर्यंत हिशेब केला तर पाच व्हायोलिनवादक, तीन चेलोवादक, आणि पियानोवर ५३ वर्षं तोच एक.

मग ही ट्रायो एकच म्हणायची का? माझं आधी मत होतं, नुसतं नाव टिकलं. पण बेथोव्हेनचे ट्रायो त्यांनी दोनदा ध्वनिमुद्रित केलेत. आधी साठच्या दशकात गिलेबरोबर, मग १९८० च्या आसपास कोहेनबरोबर. दोन्ही लागोपाठ ऐका. नवा माणूस जुन्याची नक्कल करत नाहीये, आणि प्रेसलरही पूर्वीचंच वाजवून मोकळा होत नाहीये. भव्य पियानो दोन तंतुवाद्यांना सहज बुडवू शकतो, हा मात्र दर वेळी समोरच्याचं ऐकून वाजवतो. टिकलं ते हे ऐकणं!

२००८ मध्ये व्हायोलिनवादक डॅनियल होपने स्वतःच्या एकल कारकिर्दीसाठी ट्रायो सोडायचं ठरवलं. ८४ वर्षांच्या प्रेसलरने सहावा शोधला नाही, ट्रायोच थांबवली. स्वतः मात्र थांबला नाही. २०१४ मध्ये, नव्वदीत, बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर पहिल्यांदा वाजवलं. २०२३ मध्ये गेला.

सोमवारी आमच्याकडे नवी मुलगी रुजू होतेय. तिच्यासाठी 'आपल्याकडे असंच करतात' अशा थाटाचं बारा पानी डॉक्युमेंट तयार केलं होतं. ते तूर्तास बाजूला ठेवलंय. आधी दोघं बसून जुना कोड पहिल्या ओळीपासून वाचू. तिला काय खटकतं ते ऐकू, मग बघू.