दोराचा पीळ रेडिओ लहरींना कसा फिरवतो?

चंद्रपूर-गडचिरोलीकडे अंबाडीच्या वाखाचे दोर वळतात. असा दोर हातात घ्या आणि उलटा धरा. पीळ बदलत नाही. उजवा उजवाच राहतो.

अंबाडीसारखाच वाख देणारा ताग. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये तागाच्या पिळलेल्या जुड्यांमधून विद्युतचुंबकीय लहरी सोडल्या. उजव्या पिळाने लहरींच्या कंपनाची दिशा एका बाजूला फिरली, डाव्या पिळाने उलट बाजूला. ताग तोच, फरक फक्त पिळाचा!

पुढे फिनलंडच्या कार्ल लिंडमन यांनी तांब्याच्या छोट्या स्प्रिंगा कापसाच्या बोळ्यांत गुंडाळून खोक्यात कशाही भरल्या. तरी लहरी फिरल्याच, कारण स्प्रिंग आडवी पडो की उभी, तिचा पीळ तोच. कापसाऐवजी प्लास्टिक किंवा रेझिन घेतलं की झालं ‘कायरल कंपोझिट’. स्प्रिंगांचं माप मात्र लहरीच्या लांबीशी जुळवावं लागतं.

याचा उपयोग काय? ताडोबाच्या जंगलात वाट दाखवणाऱ्या जीपीएसचंच घ्या. उपग्रहाची लहर उजव्या पिळाने फिरत येते. पाण्यावर किंवा खडकावर आपटली की ती बहुतेक वेळा डावी होते, आणि नकाशावर आपली जागा सरकते. डावी लहर अडवून उजवी आत सोडणारा थर अशा कंपोझिटचा करता येतो. अडचण मापाची आहे. जीपीएसची लहर सुमारे १९ सेंटिमीटर लांब, त्यामुळे थर जाडजूड होतो. खिशातल्या फोनला तो झेपणारा नाही.