वेल्डिंगची ठिणगी आणि मागचे अंगण

कौशल्याचा इतिहास लिहिताना आपल्याकडे कारागिराच्या हाताचे कौतुक होते. त्या कौशल्याच्या दाराशी कोण ताटकळत उभे होते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. वेल्डिंगसारख्या रोज दिसणाऱ्या कामाच्या निमित्ताने तो प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

अमेरिकेत पिकअप नावाची गाडी घरोघरी असते. पुढे माणसांना बसायची बंद खोली आणि मागे मालाचा उघडा हौदा. या गाडीचा जन्मच मुळी घरच्या फेरफारातून झाला. फोर्डची मॉडेल टी ही साधी मोटार शेतकरी विकत घेत, तिचा मागचा भाग काढून टाकीत आणि तेथे लाकडी पेटी बसवून धान्य वाहत. हे पाहून फोर्ड कंपनीने १९२५ साली कारखान्यातूनच हौदा बसवलेली मॉडेल टी विकायला काढली. लोकांनी अंगणात केले, ते कंपनीने नंतर केले. अशी जुनी पिकअप घरामागे उभी करून, तिची गंजलेली चासी कापता-जोडता वेल्डिंग शिकलेली माणसे तेथे आजही भेटतात. 'कुणी शिकवले नाही, माझा मी शिकलो' असे ते अभिमानाने सांगतात. तो अभिमान खोटा नाही. पण त्या वाक्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे अंगण. गाडी महिनाभर उघडून ठेवता येईल अशी स्वतःची जागा, यंत्राला पुरेल इतकी वीज, बिघडले तर फेकून देता येईल असा पत्रा. हे ज्याच्याजवळ नाही, त्याने कुठे शिकावे?

वेल्डिंग हे नवे काम आहे. बेनार्दोस व ओल्शेव्स्की या दोघांनी कार्बनच्या कांडीने विजेची ज्योत पेटवून लोखंड जोडण्याची रीत १८८० नंतरच्या दशकात काढली. १८८८ मध्ये स्लाव्यानोव्हने कार्बनऐवजी वितळणारी धातूचीच काडी वापरली. म्हणजे या विद्येला अजून दीडशे वर्षेही झालेली नाहीत. लोहाराचा भाता किंवा तांबटाचे झाळकाम यांसारखी ती कोणत्याही जातीच्या घरात जन्मलेली नाही. तेव्हा नवे काम ते खुले काम, असे आपल्याला वाटते. इतिहास तसे सांगत नाही.

मुंबईच्या कापडगिरण्याही एके काळी नव्याच होत्या. यंत्राला जात नसते असे म्हणणारे तेव्हाही होते. तरीही विणकाम खात्यात, जेथे मजुरी अधिक होती, अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि स्पृश्य कामगाराला त्यात विटाळ दिसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा विचार त्यांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त मांडला. त्याच्यामागे गिरणीतला हा धोटा होता, हे विसरता येत नाही.

आता कॅलिफोर्नियात पाहू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला जहाजे हवी होती, तीही झपाट्याने. रिव्हेट ठोकून जहाज बांधायला वेळ लागे. म्हणून सांगाडे वेल्डिंगने जोडले जाऊ लागले. वेल्डर थोडे होते. तेव्हा दक्षिणेतून आलेल्या काळ्या स्त्री-पुरुषांना, ज्यांनी आजवर कापूस वेचला होता किंवा दुसऱ्याच्या घरी राबले होते, काही आठवड्यांत हे काम शिकवले गेले. काही पिढ्या 'तुम्हांला जमणार नाही' म्हणून सांगितलेले काम काही आठवड्यांत जमले! गरज लागली की गुणवत्तेचा प्रश्न कसा नाहीसा होतो, हे येथे दिसते.

पण दार उघडले ते अर्धेच. सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसालिटो येथे १९४२ साली मरिनशिप नावाची गोदी उभी राहिली. तेथे काम करायचे तर बॉयलरमेकर्स युनियनचे सभासद असणे सक्तीचे होते. या युनियनने काळ्या कामगारांसाठी वेगळी दुय्यम शाखा काढली. वर्गणी भरायची, पण मत नाही. तक्रार नेण्याचा हक्क नाही. कारभार गोऱ्यांच्या शाखेच्या हाती. जोसेफ जेम्स हा गायक या गोदीत वेल्डर झाला होता. त्याने व त्याच्या सोबत्यांनी १९४३ मध्ये या दुय्यम शाखेची वर्गणी भरायला नकार दिला. युनियनच्या सांगण्यावरून त्यांना कामावरून काढण्यात आले. ते न्यायालयात गेले. थरगुड मार्शल, जे पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायाधीश झाले, त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९४४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : सभासद असल्याशिवाय काम नाही आणि सभासद मात्र करून घेणार नाही, अशा दोन्ही गोष्टी युनियनला एकदम करता येणार नाहीत.

वेल्डिंग शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट समजते. वरून गुळगुळीत दिसणारा जोड आतपर्यंत शिरलेला असेलच असे नाही. भार आला की तो सुटतो. ही दुय्यम शाखा तसाच जोड होती. कागदावर कामगार एक, आत मात्र फट.

निकाल लागला आणि युद्ध संपले. १९४५ नंतर गोद्या रिकाम्या झाल्या. हातात विद्या होती, पण काम गेले. आता हे वेल्डर आपापल्या अंगणात, आपापल्या गाडीवर हात चालवतील असे कोणाला वाटेल. पण अंगण कुठे होते? मरिनशिपच्या कामगारांसाठी सरकारने १९४२ साली मरिन सिटी ही वसाहत बांधली होती. युद्धानंतर तेथील गोरी कुटुंबे नव्या उपनगरांत घरे घेऊन निघून गेली. काळ्यांना ती घरे मिळेनात. घर काळ्या माणसाला विकू नये असे करार जमिनीच्या कागदांतच लिहिलेले असत. न्यायालये असे करार अमलात आणणार नाहीत हे ठरायला १९४८ साल उजाडले, आणि घरविक्रीतील भेदाला कायद्याने बंदी व्हायला १९६८. गावकुसाबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

अंगणाची तिसरी कथा मेक्सिकन अमेरिकनांची आहे. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील या तरुणांनी महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या जुन्या मोटारी आणि पिकअप घेतल्या. गोरे तरुण आपली गाडी वेगवान करीत. यांनी ती जमिनीसरशी खाली आणली आणि सावकाश चालवली. स्प्रिंगा कापणे, डिकीत वाळूची पोती ठेवणे, मागच्या आसाला जागा व्हावी म्हणून चासीला खाच पाडून तेथे जाड पट्टी वेल्ड करणे, हे सारे घरच्या घरी, भाऊ-मेहुण्यांच्या संगतीने ते शिकले. १९५८ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला की, गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेखाली येता कामा नये. पोलिसांना आयतेच निमित्त मिळाले. त्यावर उत्तरही अंगणातूनच आले. १९५९ साली रॉन अगिरे याने विमानाचे पंप वापरून गाडी खालीवर करण्याची युक्ती बसवली. बटण दाबले की गाडी कायद्याइतकी उंच, पोलीस गेला की पुन्हा खाली! ही नुसती गंमत नव्हे. ज्याला रस्त्यावर ताठ चालू दिले जात नाही, त्याने रस्त्यावरचा आपला हक्क सिद्ध करण्याची ती रीत होती. तो कायदा २०२३ साली रद्द ठरवण्यात आला आणि १ जानेवारी २०२४ पासून ती बंदी उठली. पासष्ट वर्षे लागली.

या तिन्ही कथांतून आपण काय घ्यायचे? एक, हाताचे कौशल्य माणसाला मुक्त करतेच असे नाही. पण त्याच्याशिवाय 'तुझी लायकी नाही' या वाक्याला पुराव्याने उत्तर देता येत नाही. दोन, स्वतः शिकण्याचा अभिमान बाळगणाऱ्याने आपल्या पायाखालची जमीन कोणाची, हेही पाहावे. आपल्या वस्तीतला मुलगा गॅरेजात राबतो, मालकाच्या काळ्या काचेआडून ज्योत पाहतो, उघड्या डोळ्यांनी काम करून रात्री डोळे चुरचुरतात म्हणून बटाट्याच्या फोडी ठेवून झोपतो. तोही स्वतःच शिकतो. त्याच्या शिकण्याला मात्र कोणी छंद म्हणत नाही.

तीन, आणि ही गोष्ट कार्यकर्त्यांनी अधिक मनावर घ्यावी. जोसेफ जेम्सने काम मागितले नव्हते. काम त्याला येत होते आणि मिळालेही होते. त्याने दुय्यम दारातून आत जायला नकार दिला. गिरणीतल्या धोट्यापासून गोदीतल्या शाखेपर्यंत लढा या दाराचाच आहे. वस्तीत अभ्यासिका हवी, हे आपण मान्य केले. तिच्या शेजारी एक पत्र्याची शेड, पुरेशी वीज, एक यंत्र आणि प्रत्येक मुलाच्या व मुलीच्या डोळ्यांसाठी काळी काच, हेही आपण मागितले पाहिजे. अंगण कोणी देत नसते. ते मिळवावे लागते.