दादाला कुणी विचारलं का?

तर झालं असं, की मागच्या महिन्यात एका रविवारी मामाकडे गेलो होतो. कफ परेड मच्छीमार नगर. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री अतिरेकी याच किनाऱ्याला उतरले, तेव्हा बाहेरच्यांना हे नाव कळलं. मला मात्र ते लहानपणापासून सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासानं माहीत आहे. एका बाजूला उंच टॉवर, दुसऱ्या बाजूला होड्या, आणि मधल्या गल्लीत मामाचं घर.

घरात चक्क मीटिंग होती. विषय : दादा. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, वय 36. ऑटिस्टिक आहे, फिट्स येतात, डावा पाय नीट चालत नाही. बोलतो अगदी थोडं. पण जाळ्याचे प्लास्टिकचे गोळे रंगाप्रमाणे लावून ठेवतो, आणि त्यातला एक जरी कुणी हलवला तरी त्याला लगेच कळतं. मामी आता 68 ची झाली. दादाला फिट आली की त्याला एकटीनं सावरणं तिला झेपत नाही. मामाची बायपास झालेली. त्यामुळे निवासी संस्था बघायची ठरलं, आणि घरातला 'इंजिनिअर' मी, म्हणून एक्सेल शीट माझ्या गळ्यात पडली! तीन संस्था, अकरा कॉलम. डिपॉझिट, महिन्याचे पैसे, रात्री नर्स असते का, इथून किती लांब, जेवणात मासे मिळतात का...

शीट पूर्ण झाली आणि मला एकदम विचित्र वाटलं. 'दादाला काय हवंय' असा कॉलमच नव्हता. ऑफिसात युजरशी एक शब्द न बोलता कुणी रिक्वायरमेंट लिहून आणली तर मी हसतो. इथे मी स्वतःच ते केलं होतं.

मग दोन-तीन वीकेंड वाचत बसलो. आपल्याकडे ही 'घरं' आली कुठून, आणि तिथे कोण जाणार हे ठरवत कोण होतं?

सुरुवात मामाच्या घराच्या अगदी जवळ निघाली. 1826 मध्ये याच कुलाब्यात मुंबई सरकारचं वेड्यांचं इस्पितळ होतं. पुढे 1912 चा लुनसी कायदा आला. त्यातल्या 'वेडा' या शब्दाच्या व्याख्येत मानसिक आजार आणि जन्मजात बौद्धिक अपंगत्व दोन्ही एकत्र कोंबलेलं होतं. नातेवाइकांचा अर्ज, डॉक्टरचं सर्टिफिकेट, मॅजिस्ट्रेटचा हुकूम, आणि माणूस आत. हा कायदा 1993 पर्यंत चालला. म्हणजे दादासारख्यांसाठी पहिला निर्णय घेणारा होता सरकार.

दुसरा टप्पा संस्थांचा आणि पालकांचा. 1941 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटीनं मानखुर्दला मतिमंद मुलांसाठी गृह काढलं. 1944 मध्ये वकील दांपत्याला आपल्या मुलीसाठी शाळा मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच सुरू केली. तीच आज शिवडीची जय वकील. 1990 च्या दशकात पालकांनीच एकत्र येऊन बदलापूरला 'आधार' उभारलं. 'आमच्यानंतर यांचं काय?' हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक घरात तोच आहे. मामीच्या तोंडी परवा अगदी याच शब्दांत होता. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण इथेही निर्णय आई-बापांचाच.

आणि तिसऱ्याच कुणाच्या हाती निर्णय गेला की काय होतं, तेही याच महाराष्ट्रात दिसलं. फेब्रुवारी 1994 मध्ये शिरूरच्या सरकारी गृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससूनमध्ये शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. कारण काय, तर पाळीच्या दिवसांत स्वच्छता राखणं जमत नाही. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. त्या मुलींना विचारण्याची गरज कुणालाच वाटली नव्हती.

आता कायद्याचं बघा. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हताच! 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात तो आला. पण या कायद्यात पालकत्वासाठी अर्ज करू शकतात आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था. ज्याच्याबद्दल अर्ज, तो या यादीत नाही. भारतानं 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली आणि मग 2016 चा नवा कायदा आला. त्याचं पाचवं कलम म्हणतं, अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि तिला एखाद्या विशिष्ट ठिकाणीच राहायची सक्ती होऊ नये यासाठी सरकारनं प्रयत्न करायचे. 1826 ते 2016. हे एक वाक्य लिहायला एकशे नव्वद वर्षं लागली.

वाचताना अमेरिकेतला डोनाल्ड ट्रिपलेट भेटला. लिओ कॅनरनं 1943 मध्ये ऑटिझमवर पहिला मोठा निबंध लिहिला, त्यातल्या अकरा मुलांपैकी पहिला. 1937 मध्ये, चार वर्षांचाही नसताना, डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्याला संस्थेत ठेवलं होतं. वर्षभरानं आई-वडिलांनी त्याला घरी आणलं. पुढे तो आपल्या छोट्या गावात राहिला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी गेला. घरच्यांकडे पैसा होता, बँकही त्यांचीच, हे खरं. पण गावानं त्याला सांभाळून घेतलं हेही खरं. मच्छीमार नगरातही दादा जेट्टीकडे निघाला की चार जण हाक मारतात, पाय घसरला तर कुणीतरी धरतं. हे कुठल्या कॉलममध्ये लिहायचं?

असो. आम्ही तिन्ही संस्था दादाला घेऊन बघितल्या. एका ठिकाणी मॅनेजर पूर्ण वेळ मामाशीच बोलले, दादा समोर बसलेला असून. खोल्यांना कडी बाहेरून होती. दुसऱ्या ठिकाणी सगळं छान, पण टीव्ही इतका मोठा की दादा कान दाबून बाहेर आला. तिसऱ्या ठिकाणी एका ताईंनी त्याला पलंग दाखवला आणि ''इथे गोळे ठेवता येतील'' म्हणाल्या. तो खिडकीपाशी दहा मिनिटं उभा राहिला.

घरी आल्यावर मी तिन्हींचे फोटो त्याच्यापुढे ठेवले. मग मनात आलं, चौथा पर्याय न देणं म्हणजे चीटिंगच. म्हणून मच्छीमार नगरच्या घराचाही फोटो ठेवला. त्यानं तो उचलला. पुढच्या रविवारी क्रम बदलून ठेवले, तरी तोच उचलला. मामी उठून आत गेली. मामा बराच वेळ काहीच बोलला नाही.

आता? कायदा दादाच्या बाजूनं आहे, पण फिट आली की धरायचे हात मामीचेच आहेत. तिच्या थकण्याला काहीच किंमत नाही, असं मी म्हणू शकत नाही. सध्या ठरलंय ते एवढंच. संध्याकाळपासून रात्रीपर्यंत एक मदतनीस ठेवायचा, त्यातला निम्मा खर्च मी आणि ताई देणार. आणि महिन्यातून तीन दिवस दादा तिसऱ्या ठिकाणी मुक्कामाला जाऊन बघणार, म्हणजे पुढे गरज पडलीच तर ती जागा अनोळखी नसेल. परत यायचं असेल तेव्हा त्यानं घराचा फोटो दाखवायचा, आणि आम्ही जाऊन आणायचं. त्या ताईंनीही हे मान्य केलंय.

पहिला मुक्काम येत्या शुक्रवारी. त्यानं पिशवी स्वतः भरली. कपडे मामीनं नंतर घातले, कारण पिशवीत नुसते गोळेच होते!