तलावाच्या तळाचे माप



आपला गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. पण तलावांचा मुलूख ही ओळख दोघांनीही सोडली नाही. आपल्या गावचा तलाव किती हेक्टर पसरला आहे, हे कागदावरून काढता येते. पण त्यात पाणी किती मावते, असे विचारले की गाव गप्प होते. या गप्प होण्यामागे एक इतिहास आहे, तोच आज मांडणार आहे. मी इंजिनीयर नव्हे. नववीत शाळा सुटली, विड्या वळल्या आणि पुढे विडी व मातीकाम करणाऱ्यांच्या संघटनेत आयुष्य गेले. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कामावर.

अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधली खिंड अडवून नवेगावबांध उभारला, असे परंपरा सांगते. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरने त्याचा पसारा ५ चौरस मैल आणि परीघ १७ मैल दिला आहे. असे मोठे तलाव थोडे. पण पूर्व विदर्भात लहानमोठे मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. पाळ कुठे घालावी, सलंग कोणत्या उंचीवर ठेवावी, हे कोहळ्यांना नकाशाशिवाय कळत होते. तुडूम हे तर पाणी सोडण्याचे दार आणि खोलीचे मापही. एकाखाली एक असलेल्या भोकांपैकी कितवे उघडे पडले, यावरून धानाला अजून किती पाणी पुरेल याचा अंदाज येई. तळाची ओळख ढिवरांना होती; डोंग्यातून बांबू टाकला की गाळ कुठे आणि खडक कुठे, हे हाताला समजे. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारच्या नावे झाले. कागद हस्तांतरित झाले. हातातले ज्ञान मात्र कागदावर कधी नव्हतेच, ते हस्तांतरित कसे होणार?

आता थोडे दूर जाऊ. स्कॉटलंडात सर जॉन मरे यांनी फ्रेड पुलर या तरुणाला घेऊन १८९७ साली तेथील तलावांची खोली मोजायला आरंभ केला. १९०१ च्या फेब्रुवारीत एका गोठलेल्या तलावावरचे बर्फ फुटले. बुडणाऱ्यांना वाचवताना फ्रेड स्वतः बुडाला. काम थांबले असते. पण त्याचे वडील लॉरेन्स पुलर यांनी पैसा पुरवला आणि १९०९ पर्यंत ५६२ तलाव मोजून झाले. साधन काय, तर नाव, तार आणि वजन! सुमारे ६० हजार ठिकाणी वजन तळाला टेकवले.

खोलीवरून पाणी कसे काढतात? समजा, भरलेला तलाव १० हेक्टर आहे. एक मीटर खाली तो ६ हेक्टर, दोन मीटर खाली २ हेक्टर आणि तीन मीटरवर तळ. थरांची सरासरी धरली तर पहिला थर ८, दुसरा ४, तिसरा १. एकूण १३ हेक्टर-मीटर, म्हणजे १३ कोटी लिटर. नुसता पसारा आणि सर्वांत मोठी खोली यांचा गुणाकार केला असता तर ३० आले असते! आता खालच्या ६ हेक्टरांवर अर्धा मीटर गाळ बसला असे धरा. ३ कोटी लिटर गेले, जवळजवळ चौथा हिस्सा. पण वरचा पसारा १० हेक्टरच. कागद म्हणणार, तलाव जसाच्या तसा आहे.

ही चूक मी स्वतः भोगलेली पाहिली आहे. एका तलावाच्या गाळकामावर आमच्या बाया खड्डे खणत होत्या. अवकाळी पाऊस झाला, खड्ड्यांत पाणी साचले आणि दुसऱ्या दिवशी माप घ्यायला आलेल्या माणसाने खोली पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतच धरली. मजुरी अर्ध्यावर आली. विडी वळणाऱ्याला छाट ठाऊक असते. ही मातीची छाट होती. मी बांबूवर खुणा केल्या, खड्ड्यात उतरलो आणि सर्वांसमोर तळापासून माप घेतले. फेरमोजणी झाली. त्या दिवशी मला उमगले की जो पृष्ठभाग पाहून हिशेब करतो, तो खालच्या माणसाचे घाम आणि पाणी दोन्ही बुडवतो.

आज प्रतिध्वनियंत्र आहे. पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावणारा आवाज तळाला लागून परततो आणि खोली कळते. उपग्रहावरून निरनिराळ्या पातळीचा पसारा मोजता येतो. पण गढूळ पाण्याखालचा तळ त्याला दिसत नाही. २०१७ पासून गाळमुक्त धरण योजनेत गाळ निघतो आहे, ही चांगली गोष्ट. परंतु आधी आणि नंतर तळ मोजला नाही, तर किती पाणी वाढले हे सांगणार कसे?

म्हणून माझी विनंती साधी आहे. वैशाखात पाणी उतरते तेव्हा कोरड्या तळाची पातळी घ्या. उरलेल्या पाण्यात ढिवरांच्या डोंग्यातून, त्यांना मजुरी देऊन, दोरी सोडा. प्रत्येक माप सलंगीच्या उंचीशी जोडा, नाहीतर पाणी उतरताच आकडे निरर्थक होतात. आणि तयार झालेला नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. ज्या तलावावर गाव जगते, त्याचा तळ गावाला ठाऊक असला पाहिजे.