अर्धवट दुरुस्त एमजीबीचा बाजार

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे 1962 ते 1980 या काळात तयार झालेली एमजीबी ही पाच लाखांहून अधिक संख्येने बनलेली मोटार असून, तिच्या रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाच्या दोन आसनी रूपाचा मोठा हिस्सा अमेरिकेत निर्यात झाला. स्वतंत्र चासी नसलेल्या या गाडीत पत्र्याचा सांगाडाच सारा भार पेलतो. त्यातही रोडस्टरला वर पक्के छप्पर नसल्यामुळे तो भार मुख्यतः सिलवर, म्हणजे दाराखालून लांबीने जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पेटीवर येतो, आणि पाणी साचून गंजते तीही नेमकी हीच पेटी. सांगाड्याला आतून आधार न देता सिल कापल्यास गाडी मध्ये खचते व दाराची फट वरच्या बाजूला आवळते. त्यामुळे काम अर्धवट टाकून विकायला काढलेल्या गाडीचा जाणकार गिऱ्हाईक चकचकीत रंगापेक्षा ती फट आधी पाहतो, आणि ते योग्यच आहे. 1988 मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साच्यांवरून रोडस्टरचे नवे सांगाडे बनवून विकण्यास आरंभ केला, तेव्हा या व्यवहाराचे गणितच पालटले, कारण कुजलेल्या गाडीचेही इंजिन, गिअरबॉक्स आणि कागदपत्रे आता नव्या सांगाड्यावर चढवता येऊ लागली. अशी गाडी कितपत मूळची, हा वाद रास्त असला, तरी विक्रेत्याने सांगाडा बदलल्याचे लपवणे ही सरळ फसवणूकच होय.