रेस्ट हाउस रोडवरचा पडदा नसलेला पब

परमिट रूम पाहत वाढलेल्या माणसाला पेकोसचं अप्रूप समजावून सांगावं लागत नाही. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून आहे. कागदोपत्री प्यायला परवाना लागतो. म्हणून आमचे बार अंधारे, पडद्यांचे, आत शिरताना मागे वळून बघायला लावणारे. १९९३ साली सोलापूरहून नोकरीला बेंगळुरूला आलो आणि एका शनिवारी भरदुपारी मित्राने ब्रिगेड रोडलगतच्या रेस्ट हाउस रोडवर नेलं. अरुंद जिना, भिंतीवर रॉकवाल्यांची पोस्टरं, गल्ल्यामागे कॅसेटी, समोर बियरचा मग. शेजारी दोन मुली खिदळत पीत होत्या. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी मात्र ओळखीचं कुणी दिसतंय का, हे बघत होतो.

पेकोस १९८९चं, वारसा म्हणावा इतकं काही जुनं नाही. पण मगात जे येत होतं ते जुनं होतं. पिंपातली ताजी बियर फार टिकत नाही, लांबचा प्रवासही सोसत नाही. ती स्वस्त मिळायची तर ब्रुअरी जवळ हवी, आणि इथे ती होती. १८०९मध्ये इंग्रजांनी छावणी वसवली, गोऱ्या शिपायाला बियर लागे. १९१५मध्ये थॉमस लिशमन या स्कॉट गृहस्थाने दक्षिणेतल्या पाच ब्रुअऱ्या एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज काढली. १९४७मध्ये कोकणी घरातले विठ्ठल मल्ल्या तिचे पहिले भारतीय संचालक झाले. ऐंशीच्या दशकात गल्लोगल्ली पब निघाले त्यामागे हा सगळा पसारा होता. (हवेला उगाच सगळं श्रेय देतात.)

शहराच्या मध्यावरची ती ब्रुअरी गेली. तिच्या जागी यूबी सिटी आहे, महागड्या घड्याळांची दुकानं आहेत; समोरच्या ग्रँट रोडला मल्ल्यांचं नाव आहे. पेकोसची इमारत साधीच, तिच्यावर फलक लावण्यासारखं काही नाही. घरमालकाने उद्या पाडली तर हरकत कोण घेणार?

गेल्या वर्षी वडील आले होते. आयुष्यात थेंब न घेतलेले. हट्टाने नेलं. जिना चढून दम खाल्ला, सोडा मागवला, बराच वेळ इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "इथं पडदा नाही लावत का रे?"

"नाही, अप्पा."

"बरं," म्हणाले, आणि माझ्या ताटलीतले शेंगदाणे स्वतःकडे ओढले.