दुसऱ्याच्या दारातला सूक्ष्मदर्शक

आज एखाद्या संशोधकाला प्रथिनाची घडण अणूंच्या पातळीवर पाहायची असेल, तर तो सहसा स्वतःचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक घ्यायच्या फंदात पडत नाही. तो सामायिक केंद्राकडे अर्ज करून यंत्रावरचा वेळ मागतो. यंत्रं कोट्यवधींची झाली म्हणून ही रीत आली, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. ही रीत जवळजवळ त्या यंत्राइतकीच जुनी आहे आणि तिच्या मुळाशी एक डॉक्टर आहे.

1931 साली बर्लिनमध्ये अर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी चुंबकीय भिंगांनी इलेक्ट्रॉनांचा झोत वळवून प्रतिमा मोठी करून दाखवली. पण यंत्राला पैसा पुरवायला कोणी पुढे येईना. शंका रास्त होती. नमुना निर्वातात ठेवला की त्यातलं पाणी उडून जाणार, उरलेलं झोताने करपणार. मग जीवशास्त्राला याचा उपयोग काय? अर्न्स्टचा धाकटा भाऊ हेल्मुट वैद्यकीचा. त्याला खात्री होती की रोगजंतू पाहायचे तर हेच यंत्र हवं. शारिटे रुग्णालयातले त्याचे गुरू प्राध्यापक झीबेक यांनी 1936 मध्ये यंत्राच्या बाजूने लेखी अभिप्राय दिला, आणि पुढे सीमेन्स कंपनी यंत्र बनवायला तयार झाली. 1939 मध्ये तिचं पहिलं विक्रीचं यंत्र बाहेर पडलं. त्याच वर्षी तंबाखूच्या पानावर ठिपके पाडणाऱ्या विषाणूच्या काड्या प्रथमच दिसल्या.

1940 मध्ये हेल्मुटच्या सूचनेवरून सीमेन्सने बाहेरच्या संशोधकांसाठी चार सूक्ष्मदर्शकांची प्रयोगशाळा उघडली. प्रमुख हेल्मुटच. कंपनीचा स्वार्थ उघड होता: यंत्राचे उपयोग सापडले तरच ते खपणार. देश नाझींचा होता, युद्ध पेटलेलं होतं. तरीही 1944 अखेरपर्यंत तिथून जर्मन आणि परदेशी संशोधकांचे सुमारे 200 शोधनिबंध निघाले. सामायिक केंद्राची ही कुळी मला फार मोलाची वाटते, कारण इथे प्रश्न घेऊन येणारा एक आणि यंत्र जाणणारा दुसरा, अशी जोडी प्रथमच जाणीवपूर्वक जुळवली गेली.

अमेरिकेतही आरंभ परक्या दारातच झाला. कीथ पोर्टर आणि आल्बेर क्लोद न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले. यंत्र मात्र छपाईची शाई बनवणाऱ्या इंटरकेमिकल कंपनीचं, आणि ते चालवणारा अर्नेस्ट फुलम तिथलाच. कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशी पातळ पापुद्र्यावर वाढवून तिघांनी 1945 मध्ये अख्ख्या पेशीची छायाचित्रं प्रसिद्ध केली. तीत लेससारखं जाळं दिसलं. आज शाळेच्या पुस्तकात असणारी आंतर्द्रव्यजालिका ती हीच. पुढे 1970च्या दशकात याच पोर्टरच्या पुढाकाराने कोलोरॅडोतल्या बोल्डरला दहा लाख व्होल्टचा सूक्ष्मदर्शक सरकारी पैशातून बसला, बाहेरच्या जीवशास्त्रज्ञांनाही खुला.

करपण्या-सुकण्याची जुनी शंका फिटायला 1980चं दशक उजाडावं लागलं. हायडेलबर्गच्या युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत झाक दुबोशे आणि सहकाऱ्यांनी नमुना द्रवरूप इथेनमध्ये झटक्यात बुडवला. पाण्याला स्फटिक व्हायला अवधीच मिळाला नाही. ते काचेसारखं थिजलं, निर्वातातही टिकलं, आणि थंडीमुळे झोताची इजाही कमी झाली. 2017च्या नोबेलमागे हेही काम आहे.

या क्रायो, म्हणजे गोठवण्याच्या, तंत्राभोवती आजची केंद्रं उभी आहेत: इंग्लंडमध्ये हारवेलला, आपल्याकडे बंगळूरला. पवईच्या आयआयटीत प्रादेशिक उपकरण केंद्र, आजचं ‘सैफ’, 1970च्या दशकापासून आहे. बाहेरच्या महाविद्यालयांचे विद्यार्थी शुल्क भरून तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नमुने तपासून घेतात.

नमुना ज्यावर ठेवतात ती तीन मिलिमीटर व्यासाची जाळी तपासून, झोत जुळवून, नमुना चांगला आहे की नव्याने गोठवायला हवा हे सांगणारी या केंद्रांतली माणसं बहुधा शोधनिबंधाच्या शेवटी आभारात सापडतात. फुलमचं नाव 1945च्या निबंधावर लेखक म्हणून आहे. तोच पायंडा सगळीकडे पडायला हवा होता.